आदल्या संध्याकाळची रांगोळी

देवाला फसवता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. माणसांना मात्र फसवता येतं, आणि ते मी सत्तरी ओलांडल्यावर करून पाहिलं. ते कसं अंगाशी आलं, हे सांगायला लाज वाटते. पण मी वाचले कशी, त्याबद्दल गप्प बसणं त्याहून वाईट, म्हणून लिहिते आहे.

चाकणच्या एका कंपनीत मी बावीस वर्षं वायरी जोडण्याचं काम केलं. यजमान गेल्यावर थेरगावात एका संस्थेच्या वसाहतीत तळमजल्यावरची खोली भाड्याने मिळाली. वसाहत खास म्हाताऱ्या माणसांसाठी बांधलेली, भाडं आमच्या तुटपुंज्या पेन्शनीत बसणारं. न्हाणीघरात धरायला दांड्या, ओढली की ऑफिसात घंटा वाजेल अशी दोरी, जेवायला डबा, आणि रोज सकाळी आठला संस्थेत काम करणाऱ्या सुनीताची फेरी. बायकांनी तोवर दारात रांगोळी काढायची, पुरुषांनी दारातल्या तुळशीला पाणी घालायचं. रांगोळी दिसली की मावशी ठीक आहेत असं समजून सुनीता पुढे जाई. नाही दिसली तर दार वाजवी, आणि उत्तर आलं नाही तर किल्ली लावून आत येई. या खोलीत आले त्याच दिवशी मी ठरवून टाकलं होतं की आता मरेपर्यंत इथंच राहायचं.

पण गेल्या वर्षी मला चक्कर येऊ लागली. शेजारचे काका पडले तेव्हा त्यांची मुलगी त्यांना घेऊन गेली आणि त्यांची खोली दुसऱ्याला मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझा मुलगा मारुंजीत अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतो. मुलगा-सून दोघंही गुणी आहेत, पण दिवसभर शिफ्टला. त्या बंद फ्लॅटमध्ये दिवसभर भिंतींकडे बघत बसणं मला नको होतं. म्हणून चक्कर मी कुणाला सांगितली नाही. सुनीता विचारायची, “मावशी, बरं वाटतंय ना?” आणि मी ठणठणीत आवाजात म्हणायची, “मला काय धाड भरलीये!”

दत्तजयंती जवळ आली तशी मी पोथीचं सात दिवसांचं पारायण धरलं. दत्तमहाराजांपुढे एकच मागणं ठेवलं, मला या खोलीतून हलवू नका. वाचताना मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, जेवण एकवेळ, तेही स्वतः शिजवलेलं. डबा मी आठवडाभर बंद केला. पहाटे स्नान करून वाचायला बसायचं, आणि रांगोळीसाठी वाकलं की हटकून डोळ्यांपुढे अंधारी. मग मी शक्कल लढवली. आदल्या संध्याकाळीच, हात स्थिर असताना, रांगोळी काढून ठेवायची. व्हरांडा बंदिस्त, ती सकाळपर्यंत जशीच्या तशी राही. सुनीता ती बघून पुढे जाई आणि माझ्या वाचनात खंड पडत नसे. आपण किती हुशार, असंही वाटलं मला.

पाचव्या दिवशी स्नान करून वळले आणि पडले. मनगटातून कळ गेली, कंबर हलेना. दोरीकडे पाहिलं. सोवळ्याचं लुगडं वाळत घालायला अडचण होते म्हणून मीच ती वर दांडीला गुंडाळून ठेवली होती. हाक मारली, पण आवाज न्हाणीघरातच घुमला. आठ वाजायची वाट बघू, असं मनाशी म्हटलं आणि त्याच क्षणी दारातली रांगोळी आठवली. कमळ काढलं होतं मी, सुरेख. कुणी येणार नव्हतं. आयुष्यात इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. गार फरशीवर पडल्या पडल्या मी रडले आणि म्हटलं, “महाराज, खोली राहू दे नाहीतर जाऊ दे. फक्त कुणाला तरी पाठवा.”

किती वेळ गेला ठाऊक नाही. दार वाजलं. पुन्हा वाजलं. मग किल्ली फिरली आणि एक अनोळखी बाई आत आली, पदर खोचलेली, पन्नाशीची.

“अगं बया! मावशी, हलू नगा. मी हाय न्हवं.”

सुनीताला ताप आला होता, म्हणून तिच्या जागी त्या दिवसापुरती थेरगावातल्याच जुन्या घरातली हौसाबाई आली होती. रिक्षात बसवेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. मी तिला विचारलं, “दारात रांगोळी असताना तू आत कशी आलीस?”

“रांगोळीचं मला कुनी सांगितलंच न्हाई. म्हनलं, समदीच दारं वाजवू.”

यावर मी काही म्हणत नाही. ज्याला जे समजायचं ते त्याने समजावं.

मनगट मोडलं होतं, कंबर वाचली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून परत आले तेव्हा खोलीत मुलगा होता, संस्थेचं काम बघणारे कदमभाऊ होते, आणि तापातून उठलेली सुनीता. मुलगा म्हणाला, “आई, बास झालं आता. चल घरी.” सुनीताने मात्र माझ्याकडे बघून विचारलं, “मावशी, चक्कर येते का तुम्हाला?”

नाही म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. खोली डोळ्यांपुढे होती. पण फरशीवर मी जे बोलले होते, ते माघारी कसं घेणार?

“येते,” मी म्हटलं. “चार महिने झाले. रांगोळी मी आदल्या दिवशी काढत होते.”

सुनीताच्या डोळ्यांत पाणी आलं. “एकदा सांगायचं तरी, मावशी.” कदमभाऊ मुलाला म्हणाले, “साहेब, ठणठणीत माणसांना आमची गरजच काय? मावशींनी आता खरं सांगितलंय, तर महिनाभर बघू द्या आम्हाला.” डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी बदलली आणि उपाशीपोटी घेतल्याबद्दल मला चांगलं झापलं. न्हाणीघरात बसायला स्टूल आलं. तो महिना सरला. मी अजून इथंच आहे. मुलगा दर रविवारी येतो, आणि आता तो विचारतो तेव्हा मी खरं सांगते.

दवाखान्यातून परत आले तेव्हा पारायणाचे तीन दिवस राहिले होते. मला बसता येत नव्हतं. सुनीता म्हणाली, “मी वाचते, तुम्ही पडून ऐका.” तिने आधी मला डब्यातला वरणभात भरवला, मग पोथी उघडली. ती जुन्या शब्दांवर अडखळायची, एखादी ओळ गाळायची. सवयीने माझी जीभ चूक काढायला वळवळली, पण मी ती आवरली. महाराजांपुढे मी काहीच मागत नव्हते, असं कित्येक वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. पोट भरलेलं होतं, दार उघडं होतं, आणि ती वाचत होती तसतसे माझे डोळे मिटत होते.