पाचशे साठ रुपयांची तक्रार

रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात, रस्त्याकडेच्या एका गाळ्यात वैशाली ब्लाउज शिवते. गाळा हैबतरावांचा. रोह्यातलं शिलाई मशीनचं दुकानही त्यांचंच. यंदा थंडीत तिने तिथून अठ्ठावीस हजारांची मोटरवाली मशीन घेतली आणि क्रेडिट कार्ड पुढे केलं. हैबतरावांनी वर पाचशे साठ रुपये लावले.

"कार्डाला दोन टक्के जास्त. बँक आमचे तेवढे पैसे कापते, ते आम्ही कुठून देणार?" म्हणाले, आणि बिलावरही तसं लिहून दिलं.

पतपेढीत कामाला असलेली तिची मैत्रीण नमिता बिल बघून म्हणाली, "हे घेता येत नाय गो. तो आकार दुकानदाराने सोसायचा, बँकेशी त्याचा तसा करार असतो. ग्राहक हेल्पलाइनला फोन कर."

वैशालीने केला. दोन दिवसांनी मेसेज आला. तक्रार दुकानदाराला आणि त्याच्या बँकेला पाठवली होती.

आपल्या नावासकट? गाळ्याचा करार मार्चमध्ये संपणार होता. बारा वर्षांची गिऱ्हाइकं याच दाराशी येत होती. बाहेर मोटारसायकल थांबली की तिची शिवण वाकडी जायची. नवरा आदेश शिफ्टवरून आला की विचारायचा, "जेवत का नायस?" ती सांगायची नाही. एकदा तक्रार मागे घ्यायला तिने फोन उचलला, पण नंबर न लावताच खाली ठेवला.

आठव्या दिवशी दुपारी हैबतराव आले. आत येऊन त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं.

"तू अलिबागला ग्राहक कोर्टात केस टाकलीस काय गो?" आवाज अगदी खाली होता, रस्त्यावर ऐकू जाऊ नये असा. "बँकेचा माणूस येऊन गेला. स्वाइप मशीन काढून नेईन म्हणतो. आता बाकीची गिऱ्हाइकंही बिलं घेऊन उभी राहिली तर?"

त्यांच्या कपाळावर घाम होता. हा माणूस आपल्याला घाबरलाय, हे तिला कळायला वेळ लागला.

"केस नाय टाकली, शेट. नुसता फोन केला."

त्यांनी पाचशे साठ रुपये टेबलावर ठेवले. "मिळाले म्हणून कळव त्यांना."

"कळवते. पण गाळ्याचं?"

ते शटर वर करून निघून गेले.

गाळा सोडावा लागेल या धास्तीने अख्खा फेब्रुवारी तिने शिवायला नवीन कापड घेतलं नाही. मार्चमध्ये नोकराच्या हातून कराराचा कागद आला. अकरा महिने, भाडं तेच. आदेशने दोनदा वाचून दाखवला, तेव्हा तिने सही केली. पुढच्या वर्षाचं काय, हे विचारायचं धाडस तिला अजून झालेलं नाही.