तिथली लेकरं
भाजलेल्या शेंगांचा वास आला की पिशोरची ती म्हातारी आठवते. परदेशात फौज पाठवावीच, असं मी कॉलेजच्या वादविवादात तावातावानं मांडणार होतो. मुद्दे मिळतील म्हणून शेजारच्या निवृत्त फौजीकाकांबरोबर तिच्याकडं गेलो. तिचा मुलगा, काकांचा मित्र, परक्या देशातल्या लोकांना वाचवताना कामी आला होता. गरम शेंगा पुढं ठेवत तिनं काकांना विचारलं, "तिथली लेकरं आता शाळंत जात्यात का रं?" "व्हय माय, समदी जात्यात." ती हसली आणि उरलेल्या शेंगा माझ्या खिशात भरल्या. परतताना बसमध्ये मी विचारलं, "खरंच जातात?" काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला काय माहीत? दरसाली ती विचारती, दरसाली मी व्हय म्हणतो." स्पर्धेत मी बोललोच नाही. म्हातारी आता नाही. पण कुठं फौज उतरल्याची बातमी आली की तिथल्या शाळा उघडल्या का, ते मी अजून शोधत बसतो.