ऊसतोड बाईचं कुंकू

कोल्हारच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्याला लागूनच आमचं चित्रदालन होतं. ह्यांनी ड्रॉइंग मास्तरची नोकरी सोडून उभं केलेलं. पुढे चित्रांचा लांबलचक हॉल, मागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या, दोन्हींना आतूनच न्हाणीघर. शिर्डीला जाणारे मुक्काम करायचे, न्हाणीघराचं तोंडभर कौतुक करायचे आणि चित्रांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. खोल्या माझ्याकडे, चित्रं ह्यांच्याकडे. तीन वर्षांत एकही चित्र खपलं नव्हतं. हॉलात भिंती घालून आणखी खोल्या काढा, असं टुमणं मीच लावलं होतं. शेवटी ठरलं, मुंबईचे एक चित्रांचे व्यापारी येताहेत, त्यांनीही काही नेलं नाही तर गवंड्याला बोलवायचं.

ते यायचे त्या सकाळी माझा पाय एका जागी ठरेना. खोल्या हव्यात म्हणणारी मी, आणि चित्र खपावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेलीही मीच! रस्त्यावर गाडी वाजली की फाटकात, पुन्हा आत, चादरी झटक, पुन्हा फाटकात.

रात्री पाथर्डीकडचं एक शेतकरी कुटुंब उतरलं होतं. निघताना त्यांच्यातल्या आजींनी रीतीनं मला हळदकुंकू लावलं. माझं लक्ष रस्त्याकडे. आजी जाता जाता म्हणाल्या, “तुमच्या त्या हॉलातल्या बाईच्या हातात चुडा हाय अन् कपाळ मोकळं. सवाशिणीला आसं ठिवू न्हाई. म्या लावलं तिला.”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती बाई म्हणजे ह्यांच्या चित्रातली, देवळाली प्रवऱ्याच्या फडात ऊस तोडणारी, घामानं कुंकू धुऊन गेलेली. ह्यांनी दिवसचे दिवस फडात बसून काढलेली. व्यापाऱ्यांनी फोटोवरून नेमकी तीच पसंत केली होती. धावत जाऊन बघते तर कपाळावर हे एवढं कुंकू. ओल्या फडक्यानं पुसलं तर लाल ओघळ डोळ्यांपर्यंत आला. मग घाईघाईनं टर्पेंटाइन घेतलं आणि घासलं. कुंकू गेलं आणि कपाळाचा रंगही गेला. अशी मी शहाणी.

हे कोल्हारहून दूध घेऊन आले. मी सगळं सांगून टाकलं. आता ओरडतील म्हणून उभी होते, तर हे आजी काय म्हणाल्या तेवढंच विचारत राहिले. माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मग म्हणाले, “तीन वर्षांत पहिल्यांदा कुणाला ती खरी बाई वाटली, आणि तू ते पुसलंस?”

व्यापारी आले, चहा प्याले, कपाळावरचा पांढरा डाग बघितला आणि रिकाम्या हातानं गेले. दुसऱ्या दिवशी हे स्वतः जाऊन गवंड्याला घेऊन आले. तो दोरी ताणून मापं घ्यायला लागला. मला बघवेना. मी त्याला मापं अर्धवट सोडायला लावून परत पाठवला.

चित्र ह्यांनी दुरुस्त केलं नाही, डागासकट लावून ठेवलं. त्यानंतर कुणी बाया मुक्कामाला आल्या की निघताना मीच त्यांना तिच्यापुढे न्यायची आणि कुंकवाचा करंडा हातात द्यायची.

“नको बाई, चित्र खराब होईल,” म्हणायच्या सगळ्या, आणि मलाच लावून निघून जायच्या.