निघायचा उतार

किशनराव बिराजदारांच्या खिशातली पट्टी खोटी होती, आणि ती खोटी आहे याचा त्यांना केवढा अभिमान होता. बाळानगरच्या एका सरकारी कारखान्यात ते साचेकामाचे फोरमन होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवतात, वाळूत दाबतात आणि मग त्या पोकळीत रस ओततात. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून साचेवाल्याची पट्टी मुळातच फुटामागे सूतभर मोठी असते. किशनराव तीच पट्टी सगळीकडे लावत. कँटीनची पुरी, नव्या साहेबाचं टेबल, भाच्याच्या लग्नातला मांडव, काहीही. त्या पट्टीने जगातली प्रत्येक वस्तू थोडी कमीच भरायची. कामगार म्हणत, "साब, तुमारी पट्टी में हम सब छोटेच दिखते." ते हसून म्हणत, "थंडे होके देखो, बराबर बैठोगे."

मी त्या कारखान्यात ट्रेसर म्हणून, म्हणजे नकाशे शाईने उतरवून काढायला, लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. देगलूरहून आलेलं आमचं घर, आणि त्या घरातली शाईच्या पेनाने पगार कमावणारी मी पहिली. पहिल्याच दिवशी किशनराव एका यंत्रभागाचा भलामोठा नकाशा घेऊन आले आणि माझ्यापुढे पसरला. मी म्हटलं, "काका, मला हे जमत नाही. एवढं मोठं मी कधी काढलं नाही."

"पाण्यात पडलं की पोहता येतं, बाई," ते म्हणाले. "पडा."

पडले. चार दिवसांत तो नकाशा झाला. पुढे कितीतरी वेळा ते वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं. आम्ही उदगीर-देगलूरकडची माणसं त्या कारखान्यात मोजकीच होतो. मराठीत दोन शब्द बोलायला ते दुपारी माझ्या टेबलापाशी येत. जात माझी त्यांना पहिल्या दिवशी आडनावावरून कळली असणार. ती त्यांनी कधी काढली नाही, आणि त्यांच्या डब्यातली शेंगाचटणी माझ्या डब्याच्या झाकणात पडायची काही थांबली नाही.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं, ते कामापुरतं. लाकडाच्या साच्याच्या बाजू सरळ उभ्या ठेवून चालत नाहीत, त्यांना किंचित उतार द्यावा लागतो. नाहीतर साचा वाळूतून उचलताना वाळू फाटते. नवीन सुतार उतार विसरला की किशनराव पट्टीने त्याच्या बोटांवर हलकेच मारत आणि विचारत, "आत तर घातलास. निघणार कसा?" आम्हा नकाशेवाल्यांनाही त्यांनी हे शिकवलं होतं. माझ्या हातून उतार सुटला तर कागद परत येई, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं असे: निघायचा उतार?

मग नव्या धोरणाचे दिवस आले. विदेशी माल दुकानांत दिसू लागला, आमच्याकडे येणारी कामं कमी झाली आणि एक दिवस नोटीस बोर्डावर स्वेच्छानिवृत्तीचा कागद लागला. स्वेच्छा कोणाची, ते त्यात लिहिलेलं नव्हतं. लोक घाबरले आणि घाबरले की ते किशनरावांकडे जात. यादगिरी हा त्यांचा वाळूकाम करणारा, साचा दाबण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. त्याने विचारलं, "साब, सही करदूँ क्या? मेरेकू दूसरा काम नै आता."

"पानी में गिरे तो तैरना आताच है, यादगिरी," किशनराव म्हणाले. त्यांनी स्वतः पहिली सही केली, यादगिरीने त्यांच्यामागे. ही बोलणी माझ्या टेबलाशेजारी झाली आणि मलाही तेव्हा ती धीराची वाटली.

यादगिरीने ऑटो घेतला. आयुष्यभर वाळूत हात घालून बसलेल्या माणसाला गिऱ्हाइकाशी भांडता येईना, पोलिसासमोर हसता येईना. ऑटो गेला, मग दारू आली आणि दीड वर्षात यादगिरी गेला. दारूने गेला असं सगळे म्हणाले. किशनराव स्मशानातून परतताना मला म्हणाले, "माझ्या शब्दानं गेला." मी तोंडदेखलं काहीतरी बोलले. ते त्यांनी ऐकलं नाही.

महिन्याभराने यादगिरीची बायको लक्ष्मम्मा किशनरावांच्या घरी आली. हिमायतनगरच्या आतल्या गल्लीत त्यांचं भाड्याचं जुनं घर होतं, मागे अंगण असलेलं. तिच्या हातात वेताची टोपली आणि टोपलीत दोन कासवं. घरात बरकत येते म्हणून यादगिरीने ती चारमिनारकडच्या पाखरांच्या बाजारातून आणली होती. नवराबायकोला मूलबाळ नव्हतं. "मैं भाई के घर जारी साब," ती म्हणाली. "भावज इनको रखने नै देती. उनो बच्चों जैसा पाले. आप रखलो. पालक खाते."

किशनरावांनी टोपली दोन्ही हातांनी घेतली. त्या दिवसापासून त्यांना दुसरा विषय राहिला नाही. यादगिरीचं हे एवढंच उरलंय, हे तरी नीट ठेवायचं, असं ते उघड म्हणत. आणि कासव नीट ठेवायचं म्हणजे पाणी हवं. उदगीरकडे त्यांच्या शेतातल्या विहिरीत कासव सोडलेलं असायचं, पाणी स्वच्छ राहावं म्हणून. लहानपणी ते त्याला काठावरून भाकरी टाकत. तेव्हा अंगणात हौद बांधायचं ठरलं.

हाती पैसा नव्हता आणि होता तो त्यांच्या बायकोने, काकूंनी, लुगड्यात बांधून ठेवला होता. पण त्या गल्लीत एकेक जुनं घर पाडून अपार्टमेंट उठत होती. किशनराव सकाळी पिशवी घेऊन त्या मलब्यातून फुटक्या शहाबादी फरश्या वेचून आणत. उरलेलं सिमेंट वॉचमनच्या हातापाया पडून मिळवलं. तळाला डांबर, पाणी सोडायच्या भोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. खड्डा त्यांनी स्वतः खणला, त्रेपन्नाव्या वर्षी. फरश्या उभ्या लावल्या आणि ती खोटी पट्टी लावून कोपरे जुळवले. काकू म्हणाल्या, "पोरीच्या लग्नातसुद्धा एवढं राबले नव्हते."

मी रविवारी बघायला गेले. चारी बाजू आरशासारख्या गुळगुळीत, सरळ उभ्या. मी गमतीने म्हटलं, "काका, निघायचा उतार?"

ते हसले नाहीत. "उतार ठेवला तर निघून जातील, बाई. गल्लीत कुत्री आहेत. लक्ष्मम्माला तोंड काय दाखवू?"

टोपलीतली कासवं मी त्या दिवशी हातात घेऊन पाहिली. पाठ घुमटासारखी उंच, तिच्यावर पिवळ्या चांदण्या. पाय मात्र पोळपाटाच्या पायांसारखे, जाड आणि आखूड. बोटांत पडदा नाही. रेषा बघणं हाच माझा धंदा. पाय मला विचित्र वाटले आणि मी काही बोलले नाही. हे मला आजही खातं.

नळ एक दिवसाआड यायचा. किशनरावांनी बादलीने हौद भरला, मध्ये बसायला दोन विटा ठेवल्या आणि एकेक करून कासवं पाण्यात सोडली. ती तरंगली आणि चारी पाय भराभर मारू लागली. किशनरावांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला.

"बघा," ते म्हणाले. "पाण्यात पडलं की पोहता येतं."

मी टाळ्या वाजवल्या. लक्ष्मम्माला पुढच्या रविवारी घेऊन यायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं.

पुढच्या रविवारी तिला घेऊन गेले तर हौद कोरडा होता. किशनराव पायरीवर बसले होते, दाढी वाढलेली. कढीपत्त्याच्या झाडाखाली ताजी माती उकरलेली दिसत होती. त्यांनी काही लपवलं नाही. सोमवारी सकाळी दोन्ही तळाशी सापडली, असं त्यांनी सांगितलं. का मेली ते त्यांना कळलं नव्हतं. आठवडाभर त्यांना डांबराचा संशय होता.

लक्ष्मम्मा हौदाच्या काठावर उभी राहिली. आत बघितलं, भिंतींवरून बोट फिरवलं. ती रागावली नव्हती, खरोखर न कळून विचारत होती. "पानी में कायको डाले साब? ये तो मिट्टी के थे. खुश्की के. इनको तैरना नै आता."

किशनरावांनी मान खाली घातली. त्या दिवशी पाण्यात कासवं पोहत नव्हती. बाहेर पडायला वाट शोधत होती आणि आम्ही दोघं वरून बघत होतो.

ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. ती गोंधळली. कासवांसाठी एवढं कशाला, असं तिला वाटलं असावं.

त्यानंतर ते कोणाकडे जाईनासे झाले. काकूंनी सांगितलं, त्यांनी पहार घेऊन हौदाची एक भिंत फोडली आणि तिथे वरपासून तळापर्यंत उतार केला. आत काही नव्हतं, तरी केला. मग रोज थोडं पाणी घालत. चिमण्या, खारी त्या उतारावरून पाण्यापर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

वर्षाअखेरीस कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचा दुसरा कागद लागला, या वेळी ड्रॉईंग ऑफिससाठी. सही करायचा माझा निर्णय होत आला होता. एका संध्याकाळी किशनराव आमच्या जामबागच्या घरी आले. तोवर ते कधी आले नव्हते. आईने पाणी दिलं, ते त्यांनी पिऊन टाकलं आणि भांडं हातात तसंच धरून बसले.

"बाई, पहिल्या दिवशी मी तुम्हाला एक वाक्य सांगितलं होतं," ते म्हणाले. "ते परत घ्यायला आलोय."

मी त्यांच्यासमोर बसले.

"तुम्हाला पोहता येत होतं, म्हणून तुम्ही वर आलात. त्यात माझ्या वाक्याचं काही नव्हतं. यादगिरीनं मला सांगितलं होतं, दुसरं काम येत नाही म्हणून. स्पष्ट सांगितलं होतं. मी ऐकलंच नाही." मग भांडं खाली ठेवलं. "सही करू नका. तुम्हाला निघायला जागा नाही."

मी सही केली नाही. कारखाना आणखी काही वर्षं रडतखडत चालला, त्यात माझ्या दोन भावांची शिक्षणं झाली.

किशनराव पुढच्या उन्हाळ्यात गेले, सकाळी हौदाला पाणी घालताना. बादली उतारावर आडवी पडलेली होती. लक्ष्मम्मा आली होती आणि माझ्याहून जास्त रडली. दहाव्याला काकूंनी ती खोटी पट्टी माझ्या हातात ठेवली. घर वर्षभरात बिल्डरकडे गेलं.

नंतर माझ्या हाताखाली मुली आल्या. "मॅडम, जमत नाही" म्हणाल्या. ते वाक्य प्रत्येक वेळी ओठांवर यायचं. पण ते माझ्याकडे राहिलेलं नव्हतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसायची, आणि आधी तिचे पाय बघायची.