कोंडलेले पेन

वडिलांचे इटालियन सेल्युलॉइडचे फाउंटन पेन धाकट्या भावाने आज माझ्या टेबलावर ठेवले. त्याचा मधासारखा रंग काळवंडला होता आणि टोपण माझ्या चिमटीत चुरले. मी हात लावू नये म्हणून त्याने ते वर्षानुवर्षे हवाबंद डबीत ठेवले होते.

“घे दादा, तुझा हक्क. लाव आता तुझ्या पेनांच्या संग्रहात!” तो म्हणाला.

सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकला मोकळी हवा लागते. कोंडले की ते स्वतःच्याच वाफेने सडते. कोंडून ठेवलेल्या मालकीचेही असेच होत असावे. या पेनासाठी मी भावाला असंख्य पत्रे धाडली आणि प्रत्येकात वारसा कायद्याची कलमे मांडली. हवेची गोष्ट मला पहिल्या पत्रापासून ठाऊक होती. ती मी एकाही पत्रात लिहिली नाही.