पितरपाट्यात वादळाचं बारसं, आणि आमची कॅरिबियन क्रूझ हैद्राबादपर्यंत

आधीच सांगून ठेवते, या लेखात निळा समुद्र नाही. नारळाची झाडं नाहीत, डेकवर टोपी घालून काढलेला फोटो नाही. तरीही कॅरिबियन क्रूझला जायचं मनात असेल तर हा लेख वाचाच, कारण क्रूझवर जाऊन आलेले लोक फक्त जेवणाचे फोटो टाकतात. जाता जाता अडकलेल्यांचं कोणी लिहीत नाही. मी लिहिते, कारण माझं डोकं अजून तापलेलं आहे.

सुरुवात ताईच्या फोनपासून. माझी मोठी बहीण वंदना एका मोठ्या प्रवासी जहाजावर बेकरीत काम करते. नांदेडला हॉटेलचं शिक्षण घेतलं आणि थेट समुद्रावर गेली. आमच्या आखाडा बाळापुरात याचा अर्थ एकच लावला जातो, की पोरगी परदेशात भांडे घासते. ती पहिल्यांदा निघाली तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडील, तिला पोचवायला नांदेडपर्यंतसुद्धा आले नाहीत. शेतात हळदीला पाणी द्यायचंय म्हणाले. तेव्हापासून तिचा फोन आला की अण्णा "बरं हे का?" एवढंच विचारतात आणि फोन आईकडे देतात.

या पावसाळ्यात ताई म्हणाली, "घरच्या दोघांना कमी पैशात नेता येतं. सप्टेंबरात जहाजात खोल्या रिकाम्या असतात. अण्णांनी एकदा माझी भट्टी डोळ्यानं पाहावी, बस. मग गावानं काय म्हणायचं ते म्हणू दे."

मला वाटलं अण्णा उडवून लावतील. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं. महालक्ष्म्या उठल्यावर आणि सोयाबीन काढणीला यायच्या आत एवढीच फट मोकळी होती, आणि ताईच्या जहाजाची फेरी बरोबर त्या फटीत बसत होती. "जमते," अण्णा म्हणाले. आईनं यायला नकार दिला, कारण तेव्हा नवरात्र आणि घरात घट. म्हणून दुसरी मी. मी तशीही कुठंही जायला तयार असते. बी.ए.चं दुसरं वर्ष मी शिरड शहापूरच्या रस्त्यावर स्कूटी चालवण्यात घालवलं, तेव्हा माझा अभ्यास तिथंच झाला असं समजा.

त्या फेरीच्या खोल्या रिकाम्या काहून असतात, हे मात्र आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. मी नंतर शोधलं. त्या समुद्रात जून ते नोव्हेंबर वादळांचा हंगाम असतो, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. म्हणजे आपल्याकडं शेतकऱ्याला जेव्हा दम खायला वेळ मिळतो, तेव्हा तिथं समुद्राला नाही.

जहाज अमेरिकेच्या बंदरातून सुटतं, म्हणून तिथला विसा ताईनं हट्टानं आम्हा तिघांनाही मागच्या हिवाळ्यातच हैद्राबादहून काढायला लावला होता. ताईच्या डोक्यात हे तेव्हापासूनच शिजत होतं. खिडकीपलीकडच्या बाईनं हिंदीत विचारलं, तिकडं जाऊन काय करणार. अण्णा म्हणाले, "बेटी का काम देखना है." एवढंच. मी तीन फायली नेल्या होत्या, एकही उघडावी लागली नाही.

राहिला विमा. त्यासाठी आम्ही घटस्थापनेच्या आठ दिवस आधी कळमनुरीला गेलो, बाजाराच्या दिवशी. वाटेत मी भजे खाल्ले, एका म्हातारीशी बांगड्यांच्या भावावरून अर्धा तास वाद घातला आणि शेवटी बांगड्या न घेताच आले, पण तो वेगळा विषय. एजंटाचं दुकान छोटं आहे, तिकिटं, विमा, झेरॉक्स सगळं एकाच काउंटरवर. त्याचं नाव लिहीत नाही. लिहायची इच्छा फार आहे.

त्यानं आम्हाला दोन प्रकार समजावले. एक साधा, फक्त आजारपणाचा. दुसरा महाग, ज्यात प्रवास रद्द झाला, विमान चुकलं, वादळ आलं तर भरपाई. अण्णांना साखर आहे, तेही मी सांगून टाकलं. (तुम्हीही सांगा. लपवलेला आजार सापडला की कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.) आम्ही महागडा ठरवला. मी पैसे काढले, तर अण्णांनी माझा हात धरला.

"आज न्हाई. पितरपाटा चालू हे."

आमच्या घरी पितृपक्षात नवं काही घेत नाहीत. चप्पलसुद्धा नाही. अण्णांचं एक पंचांग भिंतीवर आणि एक डोक्यात. अमुश्येला प्रवास न्हाई, दिवे लागल्यावर घरातून पैसा बाहेर न्हाई, पितरपाट्यात नवी वस्तू न्हाई. मी म्हटलं, "अण्णा, विमा काय वस्तू हे का? कागद हे."

"कागद घरातच येते ना?"

आणि हा एजंट काय म्हणाला? ऐका. "बराबर हे मामा. पितरपाट्यात कोणीच घेत न्हाई, माझं दुकान पाहा, रिकामंच हे. घटस्थापनेला या. दोन मिनिटाचं काम हे."

दोन मिनिटांचं काम. हे वाक्य मी आता रोज मनात घोळवते.

घटस्थापनेच्या सकाळी आईनं घट बसवले आणि आम्ही कळमनुरीला जाऊन विमा घेतला. दोन मिनिटंच लागली, त्यात खोटं नाही. घरी आल्यावर आईनं कागदावर कुंकू लावलं. दुसऱ्या माळेला आम्ही निघालो. स्टँडवरच्या पानटपरीवर गंगाधरमामा बसलेले असतात, ते आमचे नात्यानं काही लागत नाहीत, पण सगळ्या गावाचे मामा आहेत.

"काय, निघाली का स्वारी?" ते अण्णांना म्हणाले. "एक पोरगी जहाजावर, एक स्कूटीवर. घरी कोण राहिलं मग?"

"तुमी हाव ना, गावाकडं लक्ष ठेवायला," मी म्हटलं. अण्णांनी माझ्याकडं रागानं पाहिलं, पण बस सुटेपर्यंत मामांकडं पाहिलंच नाही.

वारंगा फाट्यावर उतरून खिचडी खाल्ल्याशिवाय नांदेडला जायचं नाही, हा माझा नियम. अण्णांचा उपवास, त्यांनी चहा घेतला. मी खिचडी दोनदा घेतली, त्या नादात पुढची बस गेली, आणि अण्णांचा नुसता श्वास ऐकून मला कळलं की आपण चूक केली. नांदेडहून देगलूरमार्गे हैद्राबादची बस मिळाली. रस्ता बरा आहे, खिडकीपाशी बसा, तेलंगणात शिरलं की दोन्हीकडं भात दिसतो. अण्णा पूर्ण वेळ भाताकडं पाहत होते. "पाणी हे लेकाच्यांकडं," एवढंच म्हणाले.

बसमध्येच ताईचा मेसेज आला. तिकडं समुद्रात एक वादळ तयार झालंय, पाच-सहा दिवस झाले त्याला नाव पडून. बाईचं नाव आहे. विमा काढलाय ना? मी मोठ्या रुबाबात लिहिलं, काढलाय, महागडा.

हैद्राबादला बसस्टँडजवळ लॉज घेतलं. खोली स्वच्छ, पंखा आवाज करणारा, खाली इराणी चहा. अण्णांसाठी साबुदाणा शोधत मी तीन गल्ल्या फिरले, एका मशिदीमागं घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी गप्पा मारत बसले आणि केळी घेऊन परत आले. आमचं विमान दुसऱ्या दिवशी रात्री होतं.

सकाळी जहाजाच्या कंपनीचा मेल आला. बंदर बंद. फेरी रद्द.

मी विम्याच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवून एक मुलगा बोलला. फार गोड बोलत होता.

"मॅडम, आपली पॉलिसी परवाची आहे. त्या वादळाचं नाव त्याआधीच जाहीर झालं होतं. नाव जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीत ते वादळ धरलं जात नाही."

"मग कोणतं धरलं जातं?"

"ज्याला पॉलिसी घेताना नाव नव्हतं, ते."

मी त्याला विचारलं, हे विकताना कोणी सांगितलं का. तो म्हणाला, अटींमध्ये आहे. अटी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. शेवटून दुसऱ्या पानावर आहे, मी नंतर शोधून काढलं. म्हणजे आम्ही पितरपाट्यात विमा घेतला नाही, आणि वादळाचं बारसं मात्र पितरपाट्यातच उरकलं. त्याला कोणी अडवलं नाही.

मग एजंटाला फोन. तो म्हणतो, "ताई, तुमचे वडीलच म्हणले ना पितरपाटा हे म्हणून? मी काय जबरदस्ती करू?"

"वादळाला नाव पडलंय हे घटस्थापनेला तुमाला माहीत होतं का न्हाई?"

"ते तर बातम्यातच होतं."

"मग आमच्याकडून पैसे काहून घेतले?"

"तुमी दिले, मी घेतले. आजारपणाला चालते ना तो विमा."

मी जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. लॉजच्या काउंटरवरचा चाचा टीव्हीचा आवाज कमी करून ऐकत होता. मला राग नियमाचा नाही. आग लागल्यावर घराचा विमा कोणी देत नाही, एवढं मलाही कळतं. राग याचा, की पितृपक्षात लोक काही घेत नाहीत हे ज्या माणसाला चांगलं माहीत आहे, तो "घटस्थापनेला या" म्हणून आपली मर्जी सांभाळतो, आणि त्या मर्जीची किंमत काय हे सांगत नाही. आपल्या श्रद्धेला मान हलवणारा प्रत्येक माणूस आपला नसतो.

अण्णा खाटेवर बसून होते. पैशाचं त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, "बंदर बंद, मग जहाज कुठं हे?"

"वादळापासून लांब नेलंय समुद्रात. आधीच्या फेरीचे लोक अजून वरच हेत."

"अन् वंदी?"

"ती पण वरच ना अण्णा. ती कुठं उतरणार."

अण्णा उठले, खिडकीशी गेले, परत येऊन बसले. मग स्वतःहून म्हणाले, "लाव तिला." माझ्या आठवणीत ही पहिली वेळ.

आपली सकाळ म्हणजे तिथली रात्र, आणि बेकरीचं काम रात्रीच चालतं. ताईनं फोन उचलला तेव्हा ती डोक्याला जाळी बांधून उभी होती. व्हिडिओ अडकत होता. मागं भिंतीएवढी भट्टी, ट्रे चढवलेल्या उंच ढकलगाड्या दोरीनं बांधून ठेवलेल्या. सगळं हळूहळू एका बाजूला कलायचं आणि परत यायचं.

"अण्णा?" ती म्हणाली. तिला वाटलं काहीतरी वाईट झालंय.

"काही न्हाई. तू काय करून राहिली?"

"पाव. लोकं उतरले न्हाईत, सकाळी खायला लागतेच ना." मग मान वळवून ती कोणाला तरी इंग्रजीत जोरात काही बोलली, आणि दोन उंच माणसं धावत येऊन एक ढकलगाडी धरून उभी राहिली. तिच्या सांगण्यावरून. अण्णांनी फोन डोळ्यांच्या अगदी जवळ नेला.

"हे तुझे साहेब हेत का?"

"न्हाई अण्णा. हे माझ्या हाताखाली हेत."

अण्णांनी उपरण्यानं फोनची काच पुसली. मग म्हणाले, "फरशी वली दिसून राहिली. चप्पल बराबर हे का तुझी?"

ताईनं फोन खाली करून काळे जाड बूट दाखवले. नंतर फोन वर यायला जरा उशीर झाला.

त्याच दिवशी परत निघालो. क्रूझचे पैसे कंपनी परत देते, विमानवाल्यांनी कापून-कुपून तारीख बदलून दिली. विम्यानं काहीही दिलं नाही, फक्त "आमची सेवा कशी वाटली" असा मेसेज पाठवला. मी उत्तर दिलंय.

बाळापूर स्टँडवर गंगाधरमामा होतेच. "काय, बुडालं का जहाज?"

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. "जहाज हे. वादळात पोरगी पाव भाजून राहिली. दोन माणसं हेत हाताखाली, तुमच्यापेक्षा हातभर उंच." आणि चालायला लागले. मी मागं राहून मामांचं तोंड पाहिलं. प्रवासातलं सगळ्यात चांगलं दृश्य.

ताईला कंपनीनं जहाजावर महिनाभर जास्त थांबायला सांगितलंय, आणि दिवाळीनंतरच्या फेरीत आम्हाला पुन्हा जागा मिळतेय. वादळाचा हंगाम तेव्हा संपत आलेला असतो, संपलेला नसतो. आता अण्णा रोज सोयाबीनच्या वावरातून आले की माझ्याकडून त्या समुद्राचा नकाशा उघडून घेतात. पावसाचा अंदाज नंतर.

परवा नकाशावर आफ्रिकेच्या बाजूला एक गोल ठिपका होता. मी सांगितलं, ढग जमतायत, काही होईल किंवा नाही होणार, अजून नाव नाही. आईनं नुकताच तुळशीपाशी दिवा लावला होता. अण्णांनी हात धुतले आणि माझ्यासमोर बसले.

"त्या कळमनुरीवाल्याकडं जायचं न्हाई. फोनवर भरता येते ना विमा? आधी सगळं वाच. मग भर."

"आता?"

आई उंबऱ्यातून म्हणाली, "दिवे लागले, अन् पैसा बाहेर देता?"

"देऊ दे तिला," अण्णा म्हणाले. "तिथं सकाळ हे."