दिवस मावळायच्या आतली आमदारकी

सोमवारी सकाळी माझी पत्नी गेली. ती अंगणात पेपर वाचत होती. मी चहाचे कप घेऊन बाहेर आलो, तेव्हा पेपर खाली पडला होता.

दुपारपर्यंत माणसं येत राहिली. खेड्यांतून आलेल्या बऱ्याच जणांनी मला तिच्या चहाचीच गोष्ट सांगितली, जणू मला ती ठाऊक नव्हती. मी ऐकून घेतली. आता माझ्या पद्धतीनं लिहून ठेवतो, कारण ती तिच्या जिंकण्याची गोष्ट आहे.

ती कुंडलजवळच्या जैन शेतकऱ्याच्या घरातली, मी सांगलीचा. मला वडूजच्या कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली आणि ती तिथल्या कोर्टात वकिली करू लागली. उसाच्या हिरव्या पट्ट्यात वाढलेल्या मुलीनं इथं पहिल्या उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या बाया पाहिल्या, आणि ते तिच्या मनातून गेलं नाही. कॅनॉल होता, पण पाणी वरच्या गावांतच संपायचं. शेवटच्या गावांना लोक 'टेलची गावं' म्हणत आणि तिथं कॅनॉलमध्ये शेळ्या बसत. तिचं म्हणणं असं, की पाणी सोडलं की आधी टेलला पोचवायचं, मग खालून वर यायचं. दुसरं म्हणजे कॉलेज सुटल्यावर मुलींना गावी नेणारी एस.टी. हवी. आणि देवळापुढं सभामंडप बांधून देण्याचं आश्वासन ती कुठल्याच गावाला देणार नव्हती. एवढ्या भांडवलावर ती आमदारकीला उभी राहिली, अपक्ष.

माणसं रानातून घरी येतात संध्याकाळी, म्हणून प्रचारही संध्याकाळी. प्रत्येक घरात चहा व्हायचा. आणि दिवस मावळल्यावर तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम होता. ती हात जोडून "आत्ता नको" म्हणायची. मी तो नेम पाळत नव्हतो, त्यामुळे तिच्या वाटणीचा चहा मी प्यायचो.

"घ्या सर, तुमीच घ्या," एका कट्ट्यावर एक म्हातारा मला म्हणाला. "निवडून आल्यावर मुंबैला बी तुमीच जावा."

सगळे हसले, तीही हसली. पण मागं बोललं गेलं ते वेगळं होतं : ह्या बाईला आमच्या घरचं पाणी चालत न्हाई. ते वाक्य आमच्या जीपच्या पुढं पळालं. पुढच्या गावांत चहा विचारणंच बंद झालं.

"सांगून टाक ना," मी जीपमध्ये म्हणालो. "एका वाक्याचं काम आहे."

"काय सांगू? मी धर्म पाळते, मला मत द्या?"

"म्हणून चहा नको, एवढंच."

"प्रचारात सांगितलं की ते मत मागणंच झालं."

ती निवडणुकीत पडली. टेलच्या गावांनीही तिला मतं दिली नाहीत. ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी काळा कोट घालून ती कोर्टात गेली.

त्याच टेलच्या एका गावातली म्हातारी वर्षभरानं पाण्याच्या तक्रारीसाठी आमच्या घरी आली. बोलणं लांबलं. पत्नीनं खिडकीतून उन्हाकडं पाहिलं, उठली, दोन ताटं वाढली, एक म्हातारीपुढं ठेवलं आणि जेवायला बसली.

"आवं वकीलबाई, एवढ्या लौकर? गावाला निघालाय का कुठं?"

मीच बोललो. "दिवस मावळल्यावर ती काही घेत नाही. पाणीसुद्धा नाही."

म्हातारीचा हात ताटातच थांबला. "म्हंजी तवा आमच्यात च्या घेतला न्हाई, त्यो ह्याच्यापायी?"

"हो, आजी," पत्नी म्हणाली.

"आन तोंड उघडून बोलला न्हाई?"

"माझा नेम माझ्यापुरता. त्यावर मतं कशी मागू?"

"मतं जाऊंद्यात चुलीत! आमी किती मनाला लावून घेतलंय! सांगितलं असतं तर येळेवर च्या दिला असता. कोर्टात लय बोलता म्हनं, आन हितं दातखीळ?"

पत्नी खाली मान घालून भाकरी मोडत राहिली.

पुढच्या निवडणुकीत तिनं एकाही भाषणात नेमाचा उल्लेख केला नाही. गरजही नव्हती. म्हातारीनं बाजारात, लग्नात, दळणाच्या गिरणीत सगळीकडं सांगून ठेवलं होतं. टेलच्या गावांनी सभा चारला ठेवल्या. गडी त्या दिवशी रानातून लवकर परतले. समोरच्या उमेदवाराच्या सभेत कुणी टोमणा मारला, "रातीचं काम पडलं तर ह्या बाई काय करनार?" दुसऱ्या दिवशी आमच्या सभेत म्हातारी उठली. "काम रातीचं बी करतीया ती. खात न्हाई, एवढंच. तुमच्यातलं जे दिसरात खात्यात, त्येंचं सांगा की!" बायकांचं हसू बराच वेळ थांबेना.

एकदा जीपचं चाक पंक्चर झालं आणि एका गावात पोचेपर्यंत अंधारलं. चावडीपुढं बाया उभ्या होत्या. एकीच्या हातात ताट, ताटात कप, सगळे पालथे.

"च्या सकाळी," ती म्हणाली. "आदी पान्याचं बोला."

उजाडताच पत्नी पुन्हा त्या गावात गेली आणि ओळीनं घरोघर चहा प्यायली. मग दिवसभर पोट धरून बसली होती. इतकी खूष मी तिला त्याआधी पाहिली नव्हती.

मतमोजणी रेंगाळली. शेवटच्या फेरीचा आकडा जाहीर झाला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. ती निवडून आली होती. गुलाल उडाला, समोरचं काही दिसेना. आणि गर्दीतून एकच ओरडा उठला, "पेढा! आवं, पेढा आना लौकर! दिवस हाय अजून!"

एक गडी जीपच्या बॉनेटवर चढला आणि कपाळावर हात धरून ओरडू लागला, "हाय! हाय! अर्धा हाय!"

पेढ्यांचा पुडा डोक्यांवरून पुढं आला. म्हातारीनं अख्खा पेढा तिच्या तोंडात कोंबला. "गीळ लवकर, आमदारीनबाई!"

ती हसत होती, गुलालानं माखलेली, दोन्ही गाल फुगलेले. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला, तिनं घोट घेतला, आणि बॉनेटवरून आरोळी आली, "गेला!" साऱ्या मैदानानं मावळत्या सूर्यासाठी टाळ्या वाजवल्या. ग्रंथालयाच्या शांततेत आयुष्य काढलेला मी त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडलो.

टेलला पाणी यायला आणखी काही वर्षं गेली. आलं, तेव्हा तिनं भाषण केलं नाही. चपला काढून कॅनॉलच्या काठावर बसली आणि पाय पाण्यात सोडले.

आता कॅनॉल सुटला की पाणी आधी टेलला जातं. कॉलेज सुटल्यावर एस.टी. लागते. त्या गावांत सभा अजूनही चारला भरते. मी जातो, मागं बसतो. दिवस मावळल्यावर ते मला चहा देतात, आणि मी तो घेतो.